फादर येत नाहीत त्या रविवारी

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका वाडीतून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या प्राथमिक शाळेत शिकवतात आणि गेली ९ वर्षं वाडीतल्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, मुलांना धर्मशिक्षण देतात. कपेलाखाली ४२ घरं, मुख्य चर्च ११ किलोमीटरवर. फादर एकटेच आहेत आणि मुख्य चर्चशिवाय तीन कपेलं त्यांच्याकडे आहेत. त्यामुळे जुलैपासून इथे पहिल्या आणि तिसऱ्या रविवारीच मिस्सा (धर्मगुरूंनीच करायची मुख्य उपासना) होणार आहे. बाकीच्या रविवारी ताईंनी प्रभुशब्दविधी, म्हणजे मिस्सेविना बायबलवाचनाची आणि प्रार्थनेची उपासना, चालवावा आणि शुभवर्तमानानंतर (येशूच्या चरित्रातल्या वाचनानंतर) पाच-सहा मिनिटं बोलावं, असं फादरांनी सुचवलं. बैठकीत हे निघालं तेव्हा एक वयस्कर गृहस्थ सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईमाणसान वेदीपाशी उभ्या रवान आमका शिकवूचा?" कपेलाची घंटा आणि लदीन (गाऊन म्हणायची सामुदायिक प्रार्थना) वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच आहेत. पाच-सहा कुटुंबांनी त्या रविवारी रिक्षा करून मुख्य चर्चला जायचं ठरवलं आहे. ताई विचारतात, "मी नाही म्हणू का? मला देवशास्त्र येत नाही. फादरांसारखं प्रवचन मला कसं जमणार? आणि बोलायचंच झालं तर मराठीत की मालवणीत?"

ताई,

आधी रिक्षाचं बोलू, कारण तीच गोष्ट तुम्हाला सगळ्यात जास्त लागलेली दिसते. त्या कुटुंबांनी तुम्हाला नाकारलं, असं तुम्ही धरून चालला आहात. पण धर्मगुरू नसतील त्या रविवारची उपासना कशी करावी, याची एक मार्गदर्शिका रोमने २ जून १९८८ रोजी काढली. तिच्यात पहिलंच पाहायला सांगितलं आहे ते हे : लोकांना जवळच्या चर्चमध्ये मिस्सेला जाता येईल का? जाता येत असेल तर जावं. म्हणजे रिक्षा करणारी माणसं चर्चने सांगितलं तेच करत आहेत. त्यांच्याकडे बघून मान फिरवू नका. उलट त्यांनाच विचारा, की एखादी म्हातारी मावशी सोबत नेता येईल का. दोन-तीन घरांनी मिळून मॅजिक किंवा सुमो ठरवली तर ज्यांना मिस्सेला जायचंच आहे त्यांची सोय होईल. मग कपेलात उरतील ती माणसं, ज्यांना ११ किलोमीटर जाणं खरंच शक्य नाही : अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणारी, लहान पोरांच्या आया, जनावरं सोडून जाता न येणारे. तुमचा प्रभुशब्दविधी त्यांच्यासाठी आहे. समोर वीस जण बसले तरी तुमचं काम पूर्ण आहे.

याच मार्गदर्शिकेत आणखी एक नियम आहे. आदल्या संध्याकाळी त्याच ठिकाणी रविवारची मिस्सा झाली असेल तर दुसऱ्या दिवशी असा विधी ठेवायचा नाही. म्हणून होकार-नकाराच्या आधी फादरांना एक प्रश्न जरूर विचारा : महिन्यातून एखाद्या शनिवारी संध्याकाळी येणं जमेल का? शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरली जाते. कोकणात भातलावणीच्या दिवसांत साडेसहाच्या आत कोणी घरी पोचत नाही, तेव्हा वेळ सातची मागा. हे जमलं तर तुमच्यावरचा भार एका रविवारने हलका होईल आणि लोकांना मिस्सा मिळेल.

आता घंटा वाजवणाऱ्या काकांचं. त्यांचं बोलणं तुम्हाला अपमानासारखं लागलं, आणि ते सगळ्यांसमोर बोलायला नको होते हे खरंच. तरी त्यांच्या वाक्यातला अर्धा भाग बरोबर आहे. विधी चालवणाऱ्या प्रापंचिक (धर्मगुरू नसलेल्या) माणसाने, मग तो पुरुष असो वा बाई, वेदीपाशी उभं राहायचंच नसतं. फादरांच्या खुर्चीवर बसायचं नाही. वेदीच्या भागाबाहेर साधी खुर्ची ठेवायची. वेदीचा उपयोग फक्त पवित्र भाकर ठेवण्यापुरता, तोही कम्युनियन (ती भाकर लोकांना प्रसाद म्हणून) देणार असाल तरच. "प्रभू तुमच्याबरोबर असो" हे धर्मगुरूंचं अभिवादन तुम्ही म्हणायचं नाही. शेवटी हात पसरून आशीर्वाद द्यायचा नाही. स्वतःवर क्रुसाची खूण करत "प्रभू आम्हाला आशीर्वाद देवो" म्हणायचं. "तुम्हाला" नाही, "आम्हाला". या एका शब्दाची जपणूक करा. तुम्ही त्यांच्यातल्याच एक म्हणून पुढे आला आहात, हे तेवढ्यातून प्रत्येकाला कळतं. काकांना हे सगळं समजावून सांगायला फादरच हवेत. तुम्ही सांगितलंत तर वाद होईल, त्यांनी सांगितलं तर माहिती होईल.

काकांच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मात्र चुकीचा आहे. वाचकाचं (उपासनेत बायबल वाचणाऱ्याचं) सेवाकार्य बायकांना विधिवत देता येईल, असा बदल पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१ मध्ये चर्चच्या कायद्यात केला. त्याच वर्षी १० मे रोजी धर्मशिक्षकाचं काम हेही एक अधिकृत सेवाकार्य म्हणून त्यांनी स्थापन केलं. तुमची ९ वर्षं ज्या कामात गेली तेच हे काम. आणि पुनरुत्थानाची बातमी प्रेषितांना सांगायला येशूने पहिल्यांदा मरिया माग्दालीनला पाठवलं. तिचा २२ जुलैचा स्मरणदिन २०१६ मध्ये प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीचा करण्यात आला. वाडीतल्या घराघरांत संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) कोण सांगतं, हेही काकांना आठवत असेलच.

तुमचा खरा अडसर 'प्रवचन' हा शब्द आहे. चर्चच्या नियमसंहितेनुसार मिस्सेतलं प्रवचन फक्त धर्मगुरूंनी किंवा डिकननी (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरच्या दीक्षित सेवकाने) करायचं असतं. कलम ७६७ मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे. तेव्हा फादरांसारखं प्रवचन तुमच्याकडून कोणी मागितलेलंच नाही. फादरांनी लिहून दिलेलं प्रवचन वाचून दाखवणं, वाचनांचा अर्थ थोडक्यात उलगडणं किंवा वाचनानंतर काही वेळ शांत बसणं, या तिन्ही गोष्टींना वाव आहे. जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत तुमच्या वाट्याला सातच रविवार येतात. पहिला शब्द तुमचा असू द्या, मग पुढच्या दोन रविवारी फादरांचं लिखाण वाचा, आणि मग पुन्हा स्वतःचं लिहा. पहिला तुमचा का, तर १२ जुलै २०२६ चं शुभवर्तमान तुमच्या वाडीसाठी लिहिल्यासारखं आहे. त्याचं पुढे सांगते.

आधी तयारी. तिला आठवड्यातून दोन तास लागतात, पण ते सलग द्यायचे नाहीत. सोमवारी रात्री शुभवर्तमान मोठ्याने दोनदा वाचा आणि बाजूला ठेवा. अर्थ शोधू नका. कुठला शब्द अडला, कुठे "हे असं का?" वाटलं, तेवढं पेन्सिलने खूण करा. मंगळवारी पहिलं वाचन वाचा. वर्षाच्या साध्या रविवारी पहिलं वाचन शुभवर्तमानाला जोडूनच निवडलेलं असतं, त्यामुळे दोन्हींतला धागा शोधला की विषय हाती येतो. दुसरं वाचन आपल्या वेगळ्या क्रमाने चालतं. ते ओढूनताणून जोडायला गेलात तर पाच मिनिटांत तीन विषय होतील आणि एकही पोचणार नाही. ते नीट वाचलं जाईल एवढंच पाहा. बुधवारी एकच वाक्य लिहा, लोकांनी घरी काय न्यावं ते. पंधरा शब्दांत मावत नसेल तर अजून ठरलेलं नाही असं समजा. गुरुवारी पूर्ण मजकूर लिहून रात्री फादरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. शुक्रवारी त्यांची दुरुस्ती येईल. शनिवारी उभं राहून घड्याळ लावून वाचा.

सावकाश, ऐकू जाईल असं बोलताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. साडेपाच मिनिटं म्हणजे साडेपाचशे शब्द, वहीची तीन पानं. प्रवचन आठ मिनिटांच्या पुढे जाऊ नये असं पोप फ्रान्सिस यांनी १२ जून २०२४ च्या सार्वजनिक भेटीत धर्मगुरूंनाच बजावलं होतं. लावणीच्या आठवड्यात कंबर धरलेली माणसं बाकावर बसलेली असताना तुम्ही सहावर थांबलात तर लोक दुवा देतील.

आता १२ जुलै. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायातला पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, आहे. काही बी वाटेवर पडतं, काही खडकाळ जागी, काही काटेरी झुडपांत, काही चांगल्या जमिनीत, आणि तिथे शंभरपट, साठपट, तीसपट येतं. पहिलं वाचन यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ५५ व्या अध्यायातलं : आकाशातून पडणारा पाऊस जमीन भिजवल्याशिवाय परत जात नाही, तसाच देवाचा शब्द. बाहेर पाऊस कोसळत असताना हे वाचलं जाणार आहे.

इथे नेहमीची चूक अशी होते की बोलणारा पुन्हा सगळा दाखला सांगत बसतो. लोकांनी तो मिनिटभरापूर्वी ऐकलेला असतो. मग चार जमिनींचे चार अर्थ सांगतो, तेही शुभवर्तमानातच येशूने सांगितलेले असतात. शेवटी "आपण चांगली जमीन होऊ या" म्हणून थांबतो. यात ऐकणाऱ्याला नवं काहीच मिळत नाही, आणि मनातला खरा प्रश्न तसाच राहतो. तुमच्या वाडीत भात कसं लावतात? बियाणं मोजून घेतात, तरव्यासाठी (भाताच्या रोपांसाठी) जमीन तयार करतात, तरवा उपटतात, मुठी बांधतात आणि चिखलात एकेक आवा हाताने लावतात. एक दाणा बांधावर पडला तर जीव हळहळतो. अशा माणसाच्या मनात पहिला विचार येणार, "वाटेर बी कोण पेरता?" हा प्रश्न त्याच्या मनात आहेच, तो तुम्ही मोठ्याने विचारा. तिथूनच सुरुवात करा. दाखल्यातला पेरणारा जमीन आधी तपासत नाही. आपण चांगलं खाचर बघून बी टाकतो. देव कातळावरसुद्धा टाकतो. का टाकतो, यावर दोन मिनिटं बोला.

आणि कातळ. परदेशी पुस्तकांत खडकाळ जमिनीचं वर्णन वाचून ते समजावायला जाऊ नका, ते तुमच्या सड्यावर, जांभ्या दगडाच्या त्या पठारावर, उघडं पडलेलं आहे. जांभ्यावर माती चार बोटंही नाही, पण पहिल्या पावसाबरोबर सगळ्यात आधी हिरवा होतो तो सडाच. खालच्या मळ्यात अजून चिखलणी चालू असते आणि वर गवत डोलत असतं. ऑक्टोबरचं ऊन पडलं की तेच गवत आधी पिवळं होतं, कारण मुळाला जायला जागाच नाही. मत्तयने लिहिलं आहे ते शब्दशः हेच : माती खोल नव्हती म्हणून लगेच उगवलं, आणि ऊन तापल्यावर करपलं. लोकांना सांगा, विधीनंतर घरी जाताना सड्याकडे एकदा बघा. एवढं एक चित्र डोळ्यांपुढे राहिलं तरी तुमचे साडेपाचशे शब्द कामी आले. काट्यांची आणि वाटेची जमीन त्या दिवशी सोडून द्या. सगळं सांगायचा मोह शिक्षकांना जास्त होतो, म्हणून मुद्दाम सांगते.

मराठी की मालवणी, याचं उत्तर याच उदाहरणात आहे. वाचनं मराठी वाचनग्रंथातून होतात, तेव्हा मुख्य बोलणं मराठीतच ठेवा, पण तुम्ही वर्गात पालकांशी बोलता त्या मराठीत. 'तद्वत', 'परिप्रेक्ष्य' असले शब्द नकोत. जिथे लोकांच्या मनातला प्रश्न येतो तिथे एखादं वाक्य मालवणीत येऊ द्या. पूर्ण बोलणं मालवणीत केलंत तर मुंबईहून सुट्टीला आलेली मुलं बाजूला पडतील, आणि एरवी मराठीत बोलणारी बाई आजच मालवणी का बोलते, याकडेच लक्ष जाईल.

४२ घरांच्या वाडीत उदाहरण देताना फार जपावं लागतं. दारू, सातबाऱ्यावरचा भावांचा तंटा, परधर्मात लग्न केलेली मुलगी, गल्फहून न येणारा मुलगा : यातलं काहीही नाव न घेता सांगितलंत तरी माना एका बाकाकडे वळतात, आणि त्या क्षणी तुमचं बोलणं संपलं. उदाहरण शेतीतलं, समुद्रावरचं, स्वयंपाकघरातलं घ्या. न आलेल्यांचा राग आलेल्यांवर काढू नका, हे फार सर्रास होतं. फेस्ताची (चर्चच्या सणाची) वर्गणी, छपराची दुरुस्ती या सूचना शेवटी दुसऱ्याच कोणाला तरी वाचू द्या. बोलणाऱ्या तोंडून पैशाचा विषय निघाला की आधीचं सगळं त्याचीच प्रस्तावना वाटतं. आणि मोबाइलवर आलेलं प्रवचन जसंच्या तसं उचलू नका. ते दुसऱ्याच लोकांसाठी केलेलं असतं, आणि तुमच्या बाकांवरच्या तीन-चार जणांनी तरी ते आधी ऐकलेलं असतं.

कम्युनियनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रश्न येणारच. त्यासाठी बिशपांच्या परवानगीने नेमलेली व्यक्ती हवी, आणि पवित्र भाकर आधीच्या मिस्सेतून टॅबरनॅकलमध्ये (ती ठेवायच्या बंद पेटीत) जपून ठेवलेली हवी. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत भाकर लवकर मऊ पडते, बुरशीही धरते. त्यामुळे ठेवायची तर अगदी मोजकी, झाकण घट्ट, आणि पुढच्या मिस्सेत ती संपवून टाकायची. तीन महिने कम्युनियनशिवायच विधी करा, असं माझं मत आहे. लोकांना शब्दाची सवय लागू द्या, आणि हा विधी म्हणजे छोटी मिस्सा असा गैरसमज होऊ देऊ नका. मिस्सेची भूक टिकून राहिली पाहिजे, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी कपेल भरेल.

कपेलावर पत्रे असतील तर जुलैच्या सरीत माइकशिवाय तिसऱ्या बाकापर्यंतही आवाज जात नाही, आणि वीज तर पावसाबरोबरच जाते. माइक तोंडापासून चार बोटं लांब आणि किंचित तिरका धरा, नाहीतर 'प' आणि 'भ' फुटतात. सर आली तर आवाज चढवू नका. थांबा, ती ओसरू द्या. या शांततेचाही विधीत उपयोग होतो. मजकूर मोबाइलवर नको. मोठ्या अक्षरात कागदावर लिहून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि एका तरुणाकडे बॅटरी द्या. वाचन करणाऱ्यांना वाचनं शुक्रवारीच पोचवा. यशया ऐन वेळी वाचायला गेलं की वाक्य मध्येच तुटतं.

नाही म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे. घरात आजारपण असेल किंवा यजमानांचा ठाम विरोध असेल तर तो वापरा, त्यात कमीपणा नाही. पण पत्रात एवढा बारीक तपशील लिहिणाऱ्या माणसाला हे काम हवं आहे, असं मला वाटतं. होकार द्या, मात्र एकटीने नको. फादरांपुढे दोन अटी ठेवा. जुलैच्या पहिल्या रविवारी मिस्सेत त्यांनी स्वतः जाहीर करावं की हे काम त्यांनी तुम्हाला सोपवलं आहे, बिशपांना कळवलं आहे, आणि यात काय असेल व काय नसेल. आणि तीन जणांचा गट करावा : तुम्ही, बोलू शकणारी आणखी एक व्यक्ती, आणि गायन सांभाळणारं कोणीतरी. सात रविवार दोघांत वाटले तर चार आणि तीन येतात, एवढं झेपतं.

गायनासाठी काकांना विचारा. फादरांचं जाहीर करून झाल्यावर, त्याच आठवड्यात, त्यांच्या पडवीत जाऊन. बैठकीतल्या त्या वाक्याबद्दल काही काढू नका. १२ जुलैचं प्रतिसाद स्तोत्र (पहिल्या वाचनानंतर गायचं) ६५ वं आहे, पाऊस आणि पिकाचं. ते कुठल्या चालीवर घ्यायचं हे त्यांनाच ठरवू द्या. कदाचित ते हो म्हणणार नाहीत. तरी घंटेची दोरी त्यांच्याच हातात राहील हे सांगून या, आणि सव्वासातला पहिली, साडेसातला दुसरी, ही वेळ त्यांच्याकडून पक्की करून घ्या.